आतड्यातले शर्करावाहक आणि एक लिटर पाणी

आतड्यातून रक्तात शर्करा नेण्याचे काम काही मोजकी प्रथिने करतात. ज्वारीची भाकरी, भात, केळी, गूळ, दूध, उसाचा रस यांपैकी काहीही पोटात गेले, तरी त्यातल्या पिष्टाचे आणि साखरेचे शेवटी तीनच लहान रेणू उरतात : ग्लुकोज, गॅलॅक्टोज आणि फ्रुक्टोज. हे रेणू पाण्यात सहज विरघळतात. पेशीचे पटल मात्र मेदाचे असते, त्यामुळे त्यातून ते स्वतःहून पार जाऊ शकत नाहीत. त्यांना पार नेणारी, पटलातच रुतलेली प्रथिने म्हणजे शर्करावाहक.

नांदेडजवळच्या विष्णुपुरीत डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे रुग्णालय आहे. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचा परिसरही याच भागात आहे. अशा ठिकाणी शिकवणाऱ्याच्या आणि उपचार करणाऱ्याच्या वाट्याला हा विषय दोनदा येतो. पहिल्या वर्षाच्या वर्गात तो फळ्यावरच्या आकृतीतून येतो : एक पेशी, दोन बाण, सोडियम आणि ग्लुकोज. पुढे बालरोग विभागात तोच विषय जुलाबाने सुकलेल्या मुलाच्या रूपाने समोर उभा राहतो. वर्षानुवर्षांचा अनुभव असा, की ही दोन टोके विद्यार्थ्यांच्या मनात आपोआप जुळत नाहीत. परीक्षेत वाहकाचे नाव अचूक लिहिणारा विद्यार्थी ओआरएसमध्ये, म्हणजे जुलाबात पाजायच्या मीठ-साखरेच्या द्रावणात, साखर कशासाठी, या प्रश्नाला ‘ताकद यावी म्हणून’ असे उत्तर देतो. हे उत्तर चुकीचे आहे, आणि ते का चुकीचे आहे हे कळणे म्हणजेच शर्करावाहक कळणे.

पचनाचा पहिला टप्पा तोंडातच सुरू होतो. लाळेतले अमायलेज पिष्टाचे तुकडे करू लागते, स्वादुपिंडातले अमायलेज ते काम लहान आतड्यात पुढे नेते. तरीही शेवटचा घाव उरतोच. माल्टोज, सुक्रोज, लॅक्टोज या दुहेरी शर्करा फोडणारी विकरे आतड्याच्या पेशींच्या वरच्या पृष्ठभागावरच चिकटलेली असतात. उसाच्या रसातले सुक्रोज तिथे फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते, दुधातले लॅक्टोज फुटून ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज. फोडणारे विकर आणि उचलणारा वाहक शेजारी शेजारी असल्यामुळे मोकळा झालेला रेणू दूर वाहून जाण्याआधीच पकडला जातो.

लहान आतड्याची आतली बाजू गुळगुळीत नसते. तिच्यावर जेमतेम अर्धा ते एक मिलिमीटर उंचीचे असंख्य रसांकुर असतात, आणि प्रत्येक रसांकुरावरच्या प्रत्येक पेशीला हजारोंच्या संख्येने सूक्ष्म अंकुर असतात. त्यामुळे शोषणाचे क्षेत्र अनेक पटींनी वाढते. या पेशींना दोन तोंडे आहेत. एक आतड्याच्या पोकळीकडे, जिथून अन्न जाते, दुसरे रक्ताकडे. दोन्ही तोंडांवर वेगवेगळी प्रथिने बसवलेली असतात, आणि सगळी यंत्रणा या वेगळेपणावर चालते. रसांकुराच्या तळाशी जन्मलेली पेशी वर सरकत सरकत टोकाला पोहोचते आणि तीन ते पाच दिवसांत गळून पडते. शर्करा शोषणारे हे अस्तर असे सतत नवे होत असते, म्हणूनच एखाद्या आजारात ते खरवडून निघाले तरी काही दिवसांत पुन्हा भरून येते.

पोकळीकडच्या तोंडावरचा मुख्य वाहक म्हणजे एसजीएलटी-1. तो ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज उचलतो, पण एकट्याने कधीच नाही. ग्लुकोजच्या एका रेणूबरोबर सोडियमचे दोन आयन आत यावेच लागतात. सोडियम नसेल तर ग्लुकोज आत येत नाही आणि ग्लुकोज नसेल तर या मार्गाने सोडियम आत येत नाही. ही जोडी अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी ऑगस्ट 1960 मध्ये प्राग इथल्या परिसंवादात प्रथम मांडली. त्याआधी आतडे ग्लुकोज कमी प्रमाणाकडून जास्त प्रमाणाकडे ढकलू शकते हे माहीत होते. त्यासाठी लागणारी ऊर्जा नेमकी कुठून येते, हे क्रेन यांच्या मांडणीने स्पष्ट झाले.

ती ऊर्जा पेशीच्या दुसऱ्या तोंडावर खर्च होते. रक्ताकडच्या बाजूला सोडियम-पोटॅशियम पंप बसलेला असतो. डेन्मार्कचे येन्स स्काऊ यांनी तो 1957 मध्ये दाखवून दिला आणि त्यासाठी 1997 मध्ये त्यांना रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. हा पंप एटीपी या पेशीच्या इंधनाचा एक रेणू खर्चून सोडियमचे तीन आयन बाहेर फेकतो आणि पोटॅशियमचे दोन आत घेतो. त्यामुळे पेशीच्या बाहेर प्रतिलिटर सुमारे 140 मिलिमोल सोडियम असताना आत ते त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपासच राहते. शिवाय पेशीचा आतला भाग ऋणभारित असतो. धनभारित सोडियमला आत येण्याची ओढ अशी दुहेरी असते.

विष्णुपुरीच्या विद्यार्थ्यांना हे समजावताना गोदावरीवरचा तिथलाच उपसा सिंचन प्रकल्प उपयोगी पडतो. वीज लागते ती पाणी वर चढवणाऱ्या पंपाला. एकदा वर चढलेले पाणी पुढे कालव्याने आपोआप वाहते. इथेही एटीपी लागतो तो पंपाला, आणि एसजीएलटी-1 पंपाने निर्माण केलेल्या उतारावर काम करतो. म्हणून त्याच्या कामाला दुय्यम सक्रिय वहन म्हणतात. पंप बंद पडला तर वाहक जागेवर असूनही निकामी ठरतो.

वाहकाचे काम आता बारकाईने माहीत आहे. मॅथियास हेडिगर, अर्नेस्ट राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1987 मध्ये सशाच्या आतड्यातून या प्रथिनाचे जनुक वेगळे केले. त्यासाठी आतड्यातला संदेशवाहक आरएनए बेडकाच्या अंड्यात टोचून, अंडे ग्लुकोज उचलू लागते का, हे तपासले गेले. माणसातले हे प्रथिन 664 अमिनो आम्लांचे असून ते पेशीपटलातून चौदा वेळा आरपार जाते. आधी सोडियम बाहेरच्या बाजूने चिकटतो, त्याने प्रथिनाचा आकार किंचित बदलतो आणि ग्लुकोजची जागा तयार होते. ग्लुकोज बसला की बाहेरचा मार्ग मिटतो, आतला उघडतो, सोडियम आणि ग्लुकोज पेशीत सुटतात आणि रिकामे प्रथिन पुन्हा बाहेरच्या दिशेने उघडते. दोन्ही बाजू एकाच वेळी कधी उघड्या नसतात. या कुळातल्या प्रथिनाची रचना पहिल्यांदा दिसली ती 2008 मध्ये, व्हिब्रिओ पॅराहीमोलिटिकस या जिवाणूच्या वाहकात. कॉलऱ्याचा जिवाणूही त्याच व्हिब्रिओ प्रजातीतला.

फ्रुक्टोजचा मार्ग वेगळा आहे. पोकळीकडच्याच तोंडावर असलेला ग्लुट-5 हा वाहक त्याला आत घेतो. त्याला सोडियम लागत नाही आणि तो चढावर काम करत नाही. बाहेर फ्रुक्टोज जास्त आणि आत कमी असेल तेवढ्यापुरतेच वहन होते. त्यामुळे फ्रुक्टोज शोषण्याची क्षमता मर्यादित असते. एकाच वेळी खूप मध किंवा गोड फळांचा भरपूर रस घेतला, तर काहींच्या पोटात गुडगुड होते, जुलाबही होतात. न शोषलेले फ्रुक्टोज पाणी ओढून घेते आणि मोठ्या आतड्यातले जिवाणू ते आंबवतात. पेशीत आलेल्या तिन्ही शर्करा रक्ताकडच्या तोंडावरच्या ग्लुट-2 या वाहकातून बाहेर पडतात आणि पोर्टल शिरेतून थेट यकृताकडे जातात. ग्लुट-2 हाही उतारानेच काम करतो. जेवणानंतर पेशीत ग्लुकोज साचलेले असते, त्यामुळे रक्ताकडे जायला त्याला वेगळा खर्च पडत नाही.

सोडियमची अट पुस्तकात वाचणे आणि डोळ्यांनी पाहणे यांत मोठे अंतर आहे. ते मिटवणारा जुना प्रयोग आतड्याच्या उलट्या पिशवीचा. विल्सन आणि वाइसमन यांनी 1954 मध्ये तो हॅमस्टरच्या आतड्यावर केला होता. महाविद्यालयात तो खाटकाकडून आणलेल्या शेळीच्या आतड्यावरही दाखवता येतो. आतडे ताजे हवे आणि ते बर्फात ठेवलेल्या क्षारद्रावणातच आणावे लागते. पाच-सहा सेंटिमीटरचा तुकडा कापून काचेच्या बारीक कांडीवर मोज्यासारखा उलटा करतात. आता अन्नाकडची मखमली बाजू बाहेर आणि रक्ताकडची बाजू आत येते. एक टोक दोऱ्याने बांधून आत थोडे द्रावण भरतात आणि दुसरे टोकही बांधतात. फुगलेली पिशवी 37 अंशांच्या द्रावणात सोडून त्यात ऑक्सिजनचे बुडबुडे चालू ठेवतात. सुरुवातीला आत आणि बाहेर ग्लुकोजचे प्रमाण मुद्दाम सारखेच ठेवलेले असते.

अर्ध्या तासाने पिशवी टिपून, टोचून आतले द्रावण काढतात आणि रंगमापकावर ग्लुकोज मोजतात. आतले प्रमाण वाढलेले असते, बाहेरचे घटलेले. दोन्हीकडे सारखे असताना एका बाजूला ते वाढले, याचा अर्थ पेशींनी ते ऊर्जा खर्चून ढकलले. बाहेर जितके घटते तितके आत वाढत नाही, कारण काही ग्लुकोज पेशी स्वतःच वापरतात. हा फरक विद्यार्थ्यांनी हिशेबात धरावा लागतो. दुसऱ्या पिशवीसाठी मिठाऐवजी सोडियम नसलेले कोलिन क्लोराइड वापरले की बाकी सगळे तेच असूनही आत साठा होत नाही. तिसरीत ऑक्सिजन थांबवला की पंप मंदावतो आणि त्याच्या मागोमाग वहनही. तीन परीक्षानळ्यांतल्या गुलाबी रंगाच्या तीन छटा शेजारी ठेवल्या, की सोडियमची अट पुन्हा पाठ करावी लागत नाही.

या अटीचे महत्त्व जुलाबात कळते. लहान आतड्यात दररोज आठ-नऊ लिटर द्रव येतो. त्यातले सुमारे दोन लिटर खाण्यापिण्यातून आणि उरलेला लाळ, जठररस, पित्त, स्वादुरस आणि आतड्याचा स्वतःचा स्राव. त्यातला बहुतेक परत शोषला जातो आणि शौचावाटे जेमतेम शंभर-दोनशे मिलिलिटर पाणी जाते. पाणी शोषणारा वेगळा पंप शरीरात नाही. सोडियम आणि ग्लुकोज आत गेले की परासरणाने पाणी त्यांच्या मागे जाते.

कॉलऱ्यात जिवाणू आतड्याची भिंत फोडत नाहीत. त्यांचे विष काम बिघडवते. हे विष कोलकात्याचे शंभूनाथ डे यांनी 1959 मध्ये दाखवून दिले. ते पेशीतल्या चक्रीय एएमपी या संदेशवाहक रेणूचे प्रमाण वाढवते. त्यामुळे क्लोराइडच्या वाटा उघड्या राहतात, क्लोराइडबरोबर सोडियम आणि पाणी पोकळीत ओतले जाते, शिवाय मीठ शोषण्याचा नेहमीचा मार्गही मंदावतो. प्रौढ रुग्णाच्या शरीरातून तासाला लिटरभर पाणी जाऊ शकते. या सगळ्या बिघाडात एसजीएलटी-1 मात्र शाबूत राहतो. नुसते पाणी किंवा नुसते मीठपाणी पाजले तर ते शोषले जात नाही. त्यात योग्य मापात ग्लुकोज घातले की सोडियम आत जातो आणि पाणी त्याच्या मागे. ओआरएसमधली साखर ताकदीसाठी नसून मीठ आत नेण्यासाठी आहे, ती या अर्थाने.

या ज्ञानाची मोठी कसोटी 1971 मध्ये लागली. बांगलादेश मुक्तियुद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगाव इथे निर्वासितांत कॉलरा पसरला आणि शिरेतून देण्याचे सलाईन संपत आले. डॉ. दिलीप महालनाबिस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा यांच्या पुड्या बांधून घेतल्या, त्यांचे द्रावण नळ बसवलेल्या पिंपांत भरले आणि रुग्णांच्या नातेवाइकांकडूनच ते पाजून घेतले. मृत्यूंचे प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आले. 2023 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

जागतिक आरोग्य संघटनेने 2002 पासून ओआरएसचे सुधारित सूत्र लागू केले. एक लिटरसाठीच्या पाकिटात 2.6 ग्रॅम मीठ, 13.5 ग्रॅम ग्लुकोज, 1.5 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि 2.9 ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असते, एकूण 20.5 ग्रॅम. द्रावणात सोडियम आणि ग्लुकोज प्रत्येकी 75 मिलिमोल होतात. वर्गात इथे एक रास्त प्रश्न येतो : एका ग्लुकोजला दोन सोडियम लागतात, तर दोन्हींचे प्रमाण सारखे का? उत्तर आतड्यातच आहे. जुलाबात आतडे स्वतःच सोडियम पोकळीत ओतत असते, त्यामुळे तिथे सोडियमची कमतरता नसते. शिवाय द्रावणाची एकूण तीव्रता रक्तापेक्षा कमी, प्रतिलिटर 245 मिलिऑस्मोल इतकी ठेवली, की पाणी पोकळीकडून रक्ताकडे जायला मदत होते. जुन्या सूत्रात ती 311 होती.

मापाची ही काटेकोर गरज वॉर्डात रोज जाणवते. नांदेडच्या रुग्णालयात मुखेड, कंधार, लोहा, किनवटपासून माणसे येतात. उन्हाळ्याच्या अखेरीस आणि पावसाळ्याच्या तोंडाला ‘लेकराला ढाळ लागलेत’ ही तक्रार वाढते, आणि तिच्या पाठोपाठ मागणी येते, ‘म्याडम, सलाईन लावा, पाणी पाजून काय होतंय?’ उत्तर बोलून पटत नाही, दाखवावे लागते. आईच्या हाती वाटी-चमचा देऊन समोर बसवतात. ‘ताई, एकदम पाजू नका, चमच्या-चमच्यानं द्या,’ असे सिस्टर सांगतात. मूल ओकले की आई थांबते. तिला दहा मिनिटे थांबून दोन-तीन मिनिटांना एक चमचा असे पुन्हा सुरू करायला सांगावे लागते. मध्यम शुष्कतेत चार तासांत किलोमागे 75 मिलिलिटर द्रावण जावे लागते. त्या काळात खोल गेलेले डोळे वर येतात, पोटावरची चिमटीत धरलेली कातडी सोडल्यावर पटकन सपाट होते, लघवी होते. आईचा विश्वास त्या लघवीने बसतो.

चुका कुठे होतात, तेही तिथेच कळते. पाकीट पेलाभर पाण्यात घातले जाते, किंवा पाकिटातली पूड थोडी थोडी करून दिवसभर वापरली जाते. चव नाही म्हणून वरून साखर टाकली जाते. पाणी कमी आणि साखर जास्त झाली की न शोषलेली साखर पाणी रक्ताकडे जाऊ देण्याऐवजी पोकळीत ओढते आणि जुलाब वाढतात. हेच शीतपेयाचे. त्यात दर 100 मिलिलिटरमागे सुमारे दहा ग्रॅम साखर असते आणि मीठ नावापुरते. ओआरएसमध्ये तेवढ्याच द्रावणात ग्लुकोज 1.35 ग्रॅम. मधल्या काळात ओआरएस हे नाव लावलेली गोड पेये औषधाच्या दुकानांत सर्रास मिळत होती. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी त्याविरुद्ध अनेक वर्षे लढा दिला, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने अशा पेयांवर ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली.

पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ चालते, कारण घरातल्या साखरेचा निम्मा भाग आतड्यात ग्लुकोजच होतो. मीठ घातलेली तांदळाची पेजही उपयोगी पडते. पिष्टातून ग्लुकोज हळूहळू सुटतो आणि द्रावण तीव्र होत नाही. पुढे 14 दिवस झिंक दिले जाते : सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज 20 मिलिग्रॅम, त्याखालच्या बाळाला दहा. स्तनपान चालूच ठेवायचे असते. मूल गुंगीत असेल, पिऊ शकत नसेल, तर मात्र शिरेतून सलाईन द्यावे लागते.

वाहकच जन्मतः सदोष असणे क्वचितच घडते. एसजीएलटी-1 चे जनुक दोन्ही पालकांकडून बिघडलेले आले, तर बाळाला पहिल्या दुधापासून पाण्यासारखे जुलाब होतात, कारण ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज दोन्ही शोषले जात नाहीत. हा विकार 1962 मध्ये वर्णिला गेला. अशा बाळाला नेहमीचे ओआरएसही बाधते, आणि ग्लुकोज-गॅलॅक्टोज वगळून फ्रुक्टोजयुक्त आहार दिला की जुलाब थांबतात, कारण ग्लुट-5 शाबूत असतो. रोटाव्हायरसच्या जुलाबात स्थिती वेगळी असते. रसांकुरांच्या टोकाच्या पेशी गळतात, लॅक्टोज फोडणारे लॅक्टेज हे विकर काही काळ कमी पडते, पण पुरेसे वाहक उरतात आणि बहुतेक मुलांत ओआरएस काम करते.

याच कुळातला एसजीएलटी-2 मूत्रपिंडात असतो. मूत्रपिंडात रोज सुमारे 180 ग्रॅम ग्लुकोज गाळले जाते आणि त्यातले बहुतेक तो परत घेतो. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून 1835 मध्ये वेगळे केलेले फ्लोरिझिन दोन्ही वाहकांना अडवते. त्याच्यापासून पुढे डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची औषधे घडली. ती मुख्यतः मूत्रपिंडातल्या वाहकालाच अडवतील अशी बनवावी लागली, कारण आतड्यातला वाहक अडवला की जुलाब होतात.

म्हणून शर्करावाहकाचा पाठ वर्गातच संपवू नये. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला आकृती शिकवल्यानंतर एकदा वॉर्डातल्या ओआरएसच्या कोपऱ्यात नेऊन बसवावे, त्याच्या हाताने पाकीट कालवून घ्यावे, आणि प्रत्येक घटक तिथे का आहे हे विचारावे. आणि घरोघरी एवढे पाळावे : पाकीट पूर्ण रिकामे करावे, पाणी मोजून एक लिटर घ्यावे, वरून साखर घालू नये, आणि कालवलेले द्रावण 24 तासांनंतर टाकून द्यावे.